डावीकडे, चार बोटं

खुंटीवरचा कोट काढून तिने अंगात घातला, बाह्या सारख्या केल्या आणि वर्गाकडे पाहिलं. दरवर्षी या दिवशी हात आपोआप छातीच्या डाव्या बाजूला जातो तसा तो गेला, तर तिथे काही नव्हतं. म्हणजे कोट होता, कापड होतं, अखंड आणि गुळगुळीत, पण फट नव्हती. गळ्याच्या काठापासून खाली चार बोटं गेलेली आणि वरून वेड्यावाकड्या टाक्यांनी कशीबशी गोळा केलेली ती फट नाहीशी झाली होती. बसची वाट बघताना, दवाखान्याच्या बाकावर, फोन कानाला लावून समोरच्याचं बोलणं कधी संपतंय याकडे डोळे लावून बसलेली असताना तिची बोटं वर्षानुवर्षं त्या फटीवर फिरत आली होती. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने उजवीकडेही चाचपून पाहिलं. तिकडे तर ती कधीच नव्हती. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं तिला झालं.

वर्ग वाट बघत होता. वर्ग म्हणजे तरी काय, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, एक फळा, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी जमणारी माणसं. दारावर ग्रंथपालाने आपल्या वळणदार अक्षरात लिहून लावलं होतं, ‘ज्यू जीवन : साहित्य, विधी, परंपरा’. ती पाटी वाचून तिला दरवेळी वाटे की आत जाऊन आपणही या लोकांबद्दल चार गोष्टी शिकून घ्याव्यात. येणाऱ्यांत तिच्याखेरीज ज्यू कुणीच नसे. शहरात जे थोडे उरले होते त्यांना हे सगळं ठाऊक तरी होतं, नाहीतर विसरायचं तरी होतं. पहिल्या रांगेत दोघी म्हाताऱ्या बहिणी बसत. खोली उबदार असते म्हणून त्या पहिल्यांदा आल्या आणि भांडायला नवेनवे विषय मिळतात म्हणून टिकल्या. खिडकीपाशी रफूमास्तर, याच वर्षी येऊ लागलेले. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवून निवृत्त झालेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची ओळख याच नावाने करून दिली होती, जणू आईबापांनी बारशाला तेच ठेवलं होतं. गोष्ट वाचली जात असताना ते डोळे मिटून ऐकत, आणि गोष्ट संपली की हमखास विचारत, त्या नवरदेवाचा झगा कुठल्या कापडाचा होता ते दिलंय का? दिलेलं नसे. मग त्यांना लिहिणाऱ्याचा थोडा राग येई. आज ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि चेहऱ्यावर काहीतरी दाबून धरलेलं होतं. तिने ते पाहिलं, पण तिच्या डोक्यात ते शिरलं नाही.

गोष्टी, कविता, शुक्रवारचे दिवे, जन्म, लग्न असं करत करत शेवटच्या संध्याकाळी दुखवट्याचा विषय येई, आणि हा विषय तिला सगळ्यांत सोपा वाटे. बाकीच्या विषयांना पुस्तकं लागत, याला कोट पुरे होता. मागच्या आठवड्यात ऊन अचानक तापलं, हातात पुस्तकांचा गठ्ठा होता, म्हणून कोट तिने खुंटीवरच राहू दिला. शेवटच्या तासाला लागणारच आहे, असं म्हणून. तेव्हा आता फक्त बोलायचं होतं. वाक्यं पाठ होती. आई किंवा वडील गेले की ज्यू माणूस उभा राहतो आणि अंगावरचं वस्त्र डावीकडे, काळजावर, स्वतःच्या हाताने फाडतो. नवरा, बायको, भावंडं, लेकरू गेलं तरी फाडतात, पण ती फट पुढे नीट शिवून टाकता येते. आईवडिलांची नाही. तिला तीस दिवसांनंतर कच्चे टाके घालावेत, काठ नुसते जवळ आणावेत. पुन्हा होती तशी मात्र ती करायची नाही, कधीच नाही. असा कपडा विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्याला बजावून सांगायचं, की बाबा रे, ही फट बुजवू नकोस. इथपर्यंत आलं की ती कोट पुढे करी. बहिणी चष्मे सावरून वाकत. कुणीतरी हळूच बोट लावून बघे, आणि ती लावू देई.

लावू देई हे आज पहिल्यांदा तिला खटकलं. हात अजून तिथेच होता, तळव्याखाली मऊ लोकर. बाई गप्प राहिल्या आहेत हे धड्यातच असावं असं समजून वर्गही गप्प होता. खिडकीतून संध्याकाळ आत येत होती, फळ्यावर, खुर्च्यांच्या पाठींवर, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच पिवळट रंग, आणि त्या रंगात तिला वाटलं की ही खोली नाहीच, ही आईची शिवणाची खोली आहे. तिथेही याच वेळेला असाच उजेड येई. आई मशीनवर वाकलेली, जमिनीवर कातरणांचा ढीग, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला उंच आरसा. त्या आरशात लहानपणी ती स्वतःला कमी आणि आईची पाठ जास्त बघायची. आई गेली तेव्हा घरातले सगळे आरसे झाकायचे म्हणून मावशीने हाताला लागेल ते कापड ओढून त्या आरशावर टाकलं. ते निघालं एका बाईंचं ड्रेससाठी दिलेलं महागाचं कापड. त्या बाई भेटायला आल्या. दुखवट्याचे सात दिवस ही जमिनीलगत बसलेली, त्याही समोर बसल्या, वाईट वाटलं म्हणाल्या, आणि नजर सारखी आरशाकडे. शेवटी मावशीनेच सांगितलं, आठवडा होऊ द्या, मग घेऊन जा. तेव्हा ती हसली होती. आई जाऊन तीन दिवस झाले होते आणि तिला हसू फुटलं होतं.

हे वर्गात ती कधी सांगत नसे. आणि दुसरंही एक सांगत नसे. फाडायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली. अंगात हाच कोट होता, तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी आईने शिवलेला, पातळ लोकरीचा, बिनकॉलरचा. मावशीने ब्लेडने काठाला चीर दिली आणि म्हणाली, ओढ. तिने ओढलं. कापड हललं नाही. आईने काठाला आतून दुहेरी पट्टी लावली होती. आईच्या हातचं काही सहजासहजी फाटत नसे, गिऱ्हाइकं तक्रार करत की तुमचे कपडे जुने होत नाहीत, नवे घ्यायला निमित्त मिळत नाही. ओढ गं, मावशी पुन्हा म्हणाली. माणसं बघत होती. तिच्या मनात त्या क्षणी आई नव्हती, काही नव्हतं, घरी इस्त्री चालू तर राहिली नाही ना एवढंच होतं. मग मावशीने तिच्या बोटांवर आपली बोटं घट्ट धरली आणि एक हिसका दिला. झालं. लोक पुढच्या कामाला लागले. फट तिच्या काळजावर होती आणि फाडणारा जोर मावशीचा होता. तिच्या वाटणीला आला तो महिन्याभराने घातलेला धावदोरा, तोही वाकडा. पुढे वर्ग सुरू झाला, ती दरवर्षी सांगू लागली, स्वतःच्या हाताने फाडतो, आणि सांगता सांगता तेच खरं होऊन बसलं.

आईबद्दल बोलता बोलता आईच संपली होती. हे तिला कधीतरी पहाटेच्या अर्धवट झोपेत कळे आणि उठल्यावर विसरायला होई. आई म्हटलं की आता तिला आठवायचे ते धडे. शुक्रवारी दिवे लावून आई डोळ्यांवर हात कसे धरी, भाकर कशी झाकी, गेलेल्यांच्या वर्षदिवसाला वात कशी लावी. आवाज आठवत नव्हता. चेहऱ्याला फोटो होते, वासाला कपाट होतं, आवाजाला काहीच नव्हतं. दिव्यांच्या वेळचा तेवढा कानात होता, पण तो जुन्या भाषेतल्या आशीर्वादाचा, चालीतला, सगळ्या घरांतल्या सगळ्या आयांचा. तिची आई तिला हाक कशी मारी, ते कुठेतरी गळून पडलं होतं. फटीवर बोट फिरवताना तिला निदान एवढं वाटे की दार इथे आहे. आज त्या जागी कुणीतरी भिंत बांधून ठेवली होती, आणि कारागिरी अशी की दार होतं हे कुणाला पटलंही नसतं.

“इथे एक फट होती,” ती म्हणाली.

ती सांगू लागली. पाठ असलेलंच सांगितलं, पण कोट पुढे केला नाही, हात छातीवरच ठेवला. नीट शिवता येते, आईवडिलांची नाही, कधीच नाही, इथपर्यंत आली आणि तिची नजर खिडकीकडे गेली. रफूमास्तर इतका वेळ ज्या चेहऱ्याने बसले होते तो वाढदिवसाची भेट पाठीमागे लपवून उभ्या राहिलेल्या माणसाचा होता. तो आता तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. ओठ जरा उघडे पडले. गुडघ्यांवरचे हात उलटे झाले, तळवे वर, आणि ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. बोलणं तोडावं असं तिला वाटलं, पण बहिणी लिहून घेत होत्या, आणि मग तिने उरलेलं सगळं, बजावून सांगण्याचा नियमसुद्धा, शक्य तितक्या हळू आवाजात संपवलं. थोरल्या बहिणीने विचारलं की मागच्या वर्षी दाखवला होता तो कोट हाच ना. ती म्हणाली, हाच.

वर्ग सुटला. खुर्च्या सरकल्या, निरोप झाले, बहिणींचं भांडण जिन्यावरून उतरत गेलं. धाकटी म्हणत होती की फट मागच्या वर्षीही नव्हती. मास्तर जागेवरून हलले नव्हते. तिला वाटत होतं आपल्याला राग यावा. राग आला असता तर दोघांचंही सोपं झालं असतं. ती टेबलाशी पुस्तकं उगाच इकडची तिकडे करत राहिली, आणि मास्तर उठून, टोपी हातात घेऊन, शाळेतल्या पोरासारखे समोर येऊन उभे राहिले.

“बाई, ते मी केलं.”

“कळलं मला.”

मग ते बोलत सुटले. पहिल्या दिवसापासून ते टाके त्यांच्या डोळ्यांत सलत होते. इतका सुबक हाताने शिवलेला कोट आणि त्यावर असलं काम. बाईंना पुस्तकांतून सवड मिळत नसेल, किंवा, त्यांनी मान खाली घालून कबूल केलं, बाईंना सुई धरता येत नसेल असंही वाटलं. मागच्या आठवड्यात कोट खुंटीवर राहिलेला दिसला, ग्रंथपालाला सांगून घरी नेला आणि आज सकाळी परत आणून लावला. नजर आता पूर्वीची राहिली नाही, तरी असं काम कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. शेवटचा तास काय आहे हे विचारायला मात्र सुचलं नाही. बाई हात लावतील, चकित होतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं. ती ऐकत होती आणि तिला राग येण्याऐवजी या माणसाचीच काळजी वाटू लागली होती. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं की दोरा इतका कसा जुळला.

“तुमच्याच कोटाचा आहे,” मास्तर म्हणाले. “बाहेरचा दोरा कितीही जुळवा, परका तो परकाच दिसतो. खालच्या दुमडीच्या आतून काढला. ज्याने शिवलाय त्याने दुमड दुप्पट ठेवलीय. पुढेमागे लागेल, म्हणून. असं आता कोणी ठेवत नाही.”

“आईने शिवलाय.”

मास्तरांनी टोपी टेबलावर ठेवली. कोटाचा खालचा काठ उलटून तिने पाहिलं. इतकी वर्षं अंगात घालून ती दुमड तिने कधी पाहिली नव्हती. आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक पट्टी विरळ झाली होती, दोरे काढून नेलेली. पुढेमागे लागेल म्हणून आईने ठेवलेलं होतं आणि ते लागलं होतं, आईच्याच नावाची फट बुजवायला. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हींपैकी काहीच झालं नाही, नेहमीसारखं.

उसवून देतो, मास्तर म्हणाले. केलेलं काम आपलं आहे, जागा ठाऊक आहे, होती तशी करून देतो, वाटल्यास ते टाकेसुद्धा तसेच घालतो. तिने काढून दिलेला कोट टेबलावर पसरून त्यांनी दिवा जवळ ओढला आणि चष्मा कपाळावर चढवला. मग नखाने काठ चाचपला, कापड तिरपं धरलं, उजेडाकडे धरलं. खिडकीपाशी नेऊन आणलं. त्यांच्या मानेवर घाम आला. ती समोर उभी राहून बघत होती आणि तिच्या ध्यानात येत होतं की ते शोधतायत आणि त्यांना सापडत नाहीये. एका जागी बोट थांबलं, मग तिथून उठलं. शेवटी त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले की आयुष्यभर हेच शिकलो, आपलं काम आपल्यालाही दिसता कामा नये. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि त्या अभिमानाची त्यांना लाज वाटत होती. तिला ते दोन्ही ऐकू आलं.

“राहू द्या, मास्तर,” ती म्हणाली. “उसवायचं नाहीये. फाडायचं आहे. आणि ते मलाच करायला हवं.”

ही वाक्यं तिच्या तोंडून गेली तेव्हा ती तिला नवी वाटली, पाठ नसलेली. जुन्या ग्रंथांत याला काय म्हटलं असतं, बुजलेली फट दुसऱ्यांदा फाडावी का, कुणी हा प्रश्न विचारला होता का, हे तिला बघता आलं असतं. पुस्तकं टेबलावरच होती. तिने बघितलं नाही. कोट अंगात घातला. मास्तरांनी खिशातून छोटी कात्री काढली, तिच्या गळ्यापाशी काठ दोन बोटांत धरला आणि थांबले. कात्रीने आयुष्यभर दोरे कापले होते, धडधाकट कापडाला कधी लावली नव्हती. कुठे, त्यांनी विचारलं. डावीकडे, ती म्हणाली, आणि सांगितलं की हे उभ्यानेच करायचं असतं. ते उभेच होते, तरी पाय जुळवून ताठ झाले. कात्रीचा एक बारीक आवाज झाला. मग त्यांनी कात्री खाली ठेवली, आणि कापड ताणलेलं राहावं म्हणून काठाची एक बाजू चिमटीत धरून ठेवली. दुसरी तिने धरली.

तिने ओढलं. कापड गेलं नाही. आईची दुहेरी पट्टी तशीच होती आणि त्यात मास्तरांचं काम. तिने श्वास घेतला. या वेळी बोटांवर कुणाची बोटं नव्हती. माणसं बघत नव्हती, इस्त्री कुठे चालू राहिलेली नव्हती, या खोलीत आणि जगात तिला दुसरं काही काम नव्हतं. आई मेली आहे, तिने मनात म्हटलं, धड्यातल्यासारखं नाही, बातमी सांगावी तसं. आणि जोर लावला. पट्टी तुटली आणि लोकर खाली फाटत गेली, सरळ, एका लांब आवाजात. रफूच्या जागेवरून नाही. ती जागा आता आजूबाजूच्या कापडाहून घट्ट झाली होती, तिने वाट दिली नाही. फट तिच्या शेजारून गेली, केसभर अंतर ठेवून, चार बोटं खाली, आणि थांबली.

पण ती बघत नव्हती, ऐकत होती. तो आवाज तिला ठाऊक होता. मावशीच्या हिसक्यात तो इतका झटकन होऊन गेला होता की ऐकूच आला नव्हता. हा घरातला आवाज होता, रोजचा, शाळेतून आल्यावर दारातच ऐकू येणारा. आई कापड कधी कातरीने कापत नसे. काठ दातांनी जरासा तोडायची आणि सरळ फाडत न्यायची, जुन्या चादरी, अस्तराचे तागे, आणि ही समोर दुसरं टोक धरून उभी, कंटाळलेली, लक्ष खिडकीबाहेर. आईच्या ओठांत टाचण्या. दिवसभर ओठांत टाचण्या, एका बाजूने बोलणं, अर्धे शब्द नाकातून. दिवे लावायच्या वेळेला तेवढ्या काढून ठेवायची. इतकी वर्षं ती एक स्वच्छ, मोकळा आवाज शोधत होती आणि तसा तो कधी नव्हताच. तो दबका होता, घाईतला, टाचण्यांमधून वाट काढत येणारा, थोडा चिडलेला, आणि तो आता तिच्या कानाशी होता.

धर गं नीट. तिकडे कुठे बघतेस?

तिचे डोळे भरून वाहू लागले आणि तिने ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांनी तिने काठ घट्ट पकडला होता.

“धरलंय,” ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं त्यांनाच सांगितलं. त्यांनी आपल्या चिमटीतला काठ सावकाश सोडला, टोपी उचलली, आणि ती रडत होती तोवर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.